इंजिनाची भाकर

पांढरकवड्याला आमची बदली सत्तावन्न साली झाली. माझे यजमान तिथल्या कोर्टात नाझर होते. जिनिंगच्या मागच्या गल्लीत घर मिळालं आणि समोरचं दार हिरासिंगचं निघालं. हिरासिंग जिनिंगमधलं तेलाचं इंजिन चालवी. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की चैत्रापर्यंत त्या इंजिनाचे ठोके आमच्या भांड्यांच्या फळीपर्यंत पोचत. ठोका जरा इकडचा तिकडे झाला की त्याची बायको रुपीबाई आमचं दूध मोजता मोजता थांबे. "आज दुसऱ्याच्या हातात हाय," म्हणे, आणि पुन्हा मोजायला लागे.

हिरासिंग बंजारा, केळापूरकडच्या तांड्यातला. सोळाव्या वर्षी तांडा सोडून जिनिंगमध्ये इंजिन पुसायला लागला आणि पुसता पुसता ते चालवायला शिकला. शाळा दुसरीपर्यंत. बोलणं मोजकं. आमचं बंद पडलेलं घड्याळ त्यानं एकदा कानाला लावलं, जरा वेळ ऐकलं, आणि रुपीबाईच्या सुईनं दोन मिनिटांत चालू करून दिलं. काय झालं होतं विचारलं तर म्हणाला, "काही नाही, रुसलं होतं."

पावसाळ्यात जिनिंग बंद असे. अठ्ठावन्नच्या आषाढात तो एक कॅलेंडर घेऊन आमच्या दारात उभा राहिला. कुठल्याशा तेलकंपनीचं होतं. वर चपट्या तोंडाच्या एका डिझेल रेल्वे इंजिनाचं चित्र, खाली इंग्रजीत चार ओळी.

"बाई, वाचून सांगता काय? याले चिमणी काहून नाही?"

मी वाचून सांगितलं, की याच्या पोटात तेलाचं इंजिन असतं, ते डायनामो फिरवतं आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी फिरतात.

"म्हंजे माह्यावालंच इंजिन."

"तुमच्यापेक्षा बरंच मोठं असेल, हिरासिंगभाऊ."

"मोठं असो. पण ते चालून राह्यलं ना बाई. माह्यावालं त मी आलो तवापासून एका जाग्यावर उभं हाय."

त्या पावसाळ्यात त्यानं पहिलं इंजिन केलं. खरं डिझेल रेल्वे इंजिन त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. यवतमाळच्या स्टेशनातलं कोळशाचं छोटं इंजिन तेवढं पाहिलं होतं, आणि त्याच्याबद्दल त्याचं मत चांगलं नव्हतं. "चुलीवर पाणी ठेवलं अन् चाकं लावली," म्हणे. अंग त्यानं रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचं केलं. चाकं पितळेच्या नळीची, जिनिंगच्या लेथवर मालकाला विचारून कातलेली. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर देवीलालचं ट्रक दुरुस्तीचं दुकान होतं. तिथून जळक्या डायनामोची तार आणि जुनं लोहचुंबक आणून मोटार स्वतः गुंडाळली. रूळ कशाचे, तर कापसाच्या गाठींना बांधतात त्या लोखंडी पट्ट्यांचे. सागाच्या चिपांना खाचा पाडून पट्ट्या उभ्या बसवायच्या, दोहोंमध्ये तीन बोटांचं अंतर. देवीलालनं दिलेल्या ट्रकच्या जुन्या बॅटरीतून त्या पट्ट्यांना वीज द्यायची.

पहिलं इंजिन चाललंच नाही. एकसष्ट सालचं दुसरं चाललं, सपाटीवर चार डबे ओढून. तोवर त्याच्या ओसरीच्या तिन्ही भिंतींना, खाटेच्या उंचीवर, फळ्यांवरून रूळ गेला होता. आमच्या गल्लीतल्या बायका दूध आणायच्या निमित्तानं पाहून जात आणि रुपीबाईला छेडत, "तुह्या नवऱ्याचं गाव कधी येते गं?" ती ओढणी सावरून म्हणे, "तिकीट काढलं नाही तुमी, कसं येईन?"

पण हिरासिंगला ही गाडी कुणाला दाखवायची होती, हे मला त्रेसष्टच्या ज्येष्ठात कळलं. त्या महिन्यात त्याचे वडील बैलगाडीतून आले, खुबा मोडून.

रामधनबाबा ऐंशीच्या घरातले. बंजाऱ्यांची लदेणी त्यांनी आठ-नऊ वर्षांचे असताना पाहिली होती. पाठीवर गोण्या लादलेले बैल, पुढं-मागं माणसं, समुद्राकडून मीठ आणायचं आणि गावोगाव विकायचं. मग रेल्वेनं मीठ आणलं, बैलांना काम राहिलं नाही, बैल विकले गेले. रामधनबाबांच्या वडिलांचे बारा बैल होते. ते कोणत्या बाजारात कोणाला विकले, हे बाबा अजून एकेका बैलाच्या नावानिशी सांगत. पुढं तांडा शेतीला लागला. आणि एके दिवशी मुलगा म्हणाला, मी इंजिनावर कामाला जातो.

तेव्हा बाबा म्हणाले होते, "इंजिनानं आपले बैल खाल्ले. इंजिनाची भाकर माह्या पोटात जानार नाही."

रागात कोणीही बोलतं. पण बाबांनी ते पाळलं. बाजाराला आले की लेकाच्या ओट्यावर बसत, सुनेनं दिलेलं पाणी पीत, आणि फडक्यात बांधून आणलेली तांड्याची भाकर सोडून खात. पंचवीस-सव्वीस वर्षं. आता खुबा मोडला, दवाखाना इथं, त्यामुळं लेकाच्या ओसरीत पडणं भाग होतं. म्हणून त्यांचा पुतण्या उत्तमसिंग दर बाजारी तांड्याची ज्वारी आणून देई. ती गिरणीवर दळलेली चालत नसे, कारण गिरणीलाही इंजिनच. रुपीबाई म्हाताऱ्यासाठी रोज पहाटे जात्यावर दळी, आणि बाकी घराची भाकर गिरणीच्या पिठाची. तवाही वेगळा. मी एकदा म्हटलं, "अगं, किती दिवस असं?" तर हात पुसत म्हणाली, "त्याइची जीभ हाय, माहे हात हायत. दोन्ही आपापल्या जाग्यावर."

मीही एकदा बोलून पाहिलं. म्हटलं, "बाबा, लेकाची नको तर माझ्या घरची खा. आमच्याकडे काही इंजिन नाही."

"तुमच्या नाझरसाहेबाले पगार कोन देते?"

"सरकार."

"मंग रेल कोनं आनली?"

यजमानांना सांगितलं तर ते कितीतरी वेळ हसत होते. मला हसू आलं नाही, कारण बोलताना म्हातारा थट्टेत नव्हता.

ते बापलेक आपसात गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलत. रुपीबाई मला उलगडून सांगे. इथं मी तिच्याच बोलीत लिहिते आहे. ती स्वतः सासऱ्याशी थेट बोलत नसे. घुंगट ओढून भिंतीला सांगे, आणि सासराही भिंतीलाच उत्तर देई.

आल्याच्या आठवड्यातच बाबांनी रुळाकडं बोट केलं. "हे काय लावलं माह्या खाटेभवती?"

"रेल हाय, बा."

"बैल खाऊन झाले, आता मले घेराले आली काय?"

हिरासिंग रुळाची पट्टी दाबून पाहायला लागला. मग बाबाच म्हणाले, "तुह्या आज्याचे बैल बारा गोण्या मीठ घाट चढवून आनत. तुह्यावाली ही डबडी चढवते काय?"

"चढवते."

"चढव मंग. बारा गोण्या चढवल्या त तुह्या घरची भाकर खाईन."

"बोलले ना, बा?"

"बोललो."

बस, एवढंच. पण त्या दिवसापासून हिरासिंगनं दुसरा विचार केला नाही. ओसरीच्या दारापासून खिडकीपर्यंतच्या रुळाला त्यानं चार बोटं चढ दिला आणि त्याला घाट म्हणायला लागला. तिसरं इंजिन केलं, दोन्ही आसांना मोटारीची ओढ असलेलं. बिस्किटांच्या डब्यांचे बारा डबे केले. रुपीबाईनं तरटाच्या बारा गोण्या शिवल्या, मुठीएवढ्या, आणि त्यात खरं मीठ भरलं.

गाडी सात डबे चढवी. आठवा जोडला की खिडकीच्या वळणावर इंजिन थांबे आणि त्याची चाकं जागच्या जागी गरगर फिरत. मोटार ओरडे, गाडी हलत नसे. बाबा खाटेवरून पाहत. एकदाही हसले नाहीत, हे मला सांगायलाच हवं. नुसते पाहत.

हिरासिंगनं इंजिन हलकं करायला घेतलं. बुडाची लोखंडी पट्टी काढून पत्र्याची बसवली. पत्र्याला भोकं पाडली. आता गाडी सहावरच अडायला लागली. त्याला वाटलं, अजून पुरेसं हलकं झालं नाही.

यजमानांनी कोर्टातल्या एका वकिलांकडून इंग्रजी मासिक आणलं होतं, त्यात डिझेल इंजिनावर लेख होता. मी वाचून दाखवला. त्यात इंजिनाचं वजन दिलं होतं, आणि ते मालानं भरलेल्या डब्यापेक्षाही जास्त होतं.

"पुन्हा वाचा, बाई."

मी पुन्हा वाचलं.

"छापनाऱ्याची चूक असन. वढनारा लादलेल्याहून जड कायले ठेवतीन? म्होरचा हाय ना तो."

मग त्यानं मला समजावलं. तांडा चाले तेव्हा सगळ्यांत पुढं एक बैल असे. त्याच्या पाठीवर गोणी कधी टाकत नसत. झूल, घुंगरं, आणि देवाचं नाव. तो बसला की तांडा बसे, तो उठला की तांडा उठे. बारा ओझ्याचे, तेरावा हा. म्होरच्यावर ओझं टाकणं म्हणजे पाप. वीस वर्षांवर इंजिनाच्या ग्रीसमध्ये हात घातलेला माणूस हे सांगत होता, आणि सांगताना त्याचा आवाज उतरला होता. मी मासिक मिटून ठेवलं. मला तरी वजनाचं काय कळत होतं? लिहिलंय ते मी वाचलं, एवढंच.

चौसष्टच्या श्रावणात सलग पाऊस लागला. तांड्याकडचा नाला भरून वाहायला लागला आणि बाजाराच्या दिवशी उत्तमसिंग आला नाही. रुपीबाईनं मडक्यातली तांड्याची ज्वारी पुरवून पुरवून वापरली. मग एका सकाळी मडकं उपडं करून तिनं माझ्याकडं पाहिलं.

पहिला दिवस बाबा पाण्यावर राहिले. उशाशी त्यांच्या फडक्यात गुळाचा खडा होता, तो दुसऱ्या दिवशी संपला. सरकारी डॉक्टर पाहून गेले. दारात येऊन मला म्हणाले, "या वयात पोटात काही गेलं नाही तर आणखी दोन-तीन दिवस. घरच्यांना समजवा." कोणाला समजवायचं?

रुपीबाईनं मला चुलीजवळ ओढलं. "बाई, मी आपल्याच पिठाची टाकते अन् सांगते तांड्याची हाय. त्याइले काय कळते?"

हिरासिंग दारातच उभा होता. "त्याले नाही कळनार," तो म्हणाला. "मले कळन."

"मराले टेकला तुमचा बा!"

"तो आपल्या बोलानं मरन त मरो. मी खोट्यानं त्याचं तोंड बाटवनार नाही."

ती चुलीपुढं बसून राहिली. हिरासिंगचं ते म्हणणं मला बरोबर वाटलं की चूक, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही येत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस जरा उघडला होता. मी लिंबाचं पाणी घेऊन गेले तर हिरासिंग रूळ विटकरीच्या पुडीनं घासत होता. पावसानं पट्ट्यांना गंज धरला होता. त्यानं बारा डबे जोडले, बाराही गोण्या ठेवल्या, आणि बॅटरीची तार लावली. गाडी सपाटीवर निघाली, घाटाला लागली, आणि तीन हात जाऊन थांबली. चाकं फिरत राहिली.

त्यानं गाडी मागं घेतली. इंजिनाचं छत उचकटून काढलं. पुन्हा लावली. या वेळी दोनच हात. मग दर्शनी पत्रा काढायला घेतला, ज्याच्यावर त्यानं महिनाभर खपून खिडक्या कोरल्या होत्या. त्याच्या हाताला पत्रा लागला, रक्त आलं. त्याला कळलंही नाही.

"थांब."

आवाज इतका बारीक होता, की आधी मला तो बाहेरचा वाटला. बाबांनी मान वळवली होती.

"त्याच्या पाठीवर काय हाय?"

"काही नाही, बा."

"काहून नाही?"

"म्होरचा हाय ना."

बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "म्होरच्याले वाट माहीत असते. याले माहीत हाय काय?"

हिरासिंगनं दर्शनी पत्र्यावरचा हात काढला.

"याची वाट तू पट्ट्यायनं बांधली. पट्टी नेईन तिकडं हा जाते. मंग हा म्होरचा कसा झाला? गोणीचा बैल हाय हा." दम लागला म्हणून ते थांबले. "रिकामा बैल वल्ल्या घाटात घसरते. पाठीवर वजन असलं त खूर रुतते. लाद त्याले."

"बा, पन..."

"लाद म्हनतो ना!"

हिरासिंगचे हात उठेनात. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. इंजिनावरच ज्याचं सगळं आयुष्य गेलं, त्याला त्या पत्र्याच्या पाठीवर ओझं टाकवत नव्हतं. आणि ज्यानं इंजिनाचं नाव घेऊन अन्न सोडलं होतं, तो म्हातारा खाटेवरून त्याला टाक म्हणून सांगत होता. गाडी चढली तर आपण पैज हरतो, हे त्याला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू?

शेवटी रुपीबाई आली. कोनाड्यात जिनिंगचे जुने नटबोल्ट होते, त्यातली मूठ तिनं उचलली आणि उघड्या इंजिनात मोटारीच्या बाजूला ठेवली. भांडी ठेवावीत तशी, सहज.

"भितीले सांगा, अजून," बाबा म्हणाले.

तिनं दुसरी मूठ ठेवली.

"अजून. बसत नाही तवर लाद."

तिसरी मूठ. इंजिन आपल्या चाकांवर जरा दबलं. हिरासिंगनं तार लावली तेव्हा त्याचे ओठ हलत होते. देवाची माफी मागत असावा. गाडी निघाली. घाटाला लागताना मोटारीचा आवाज जड झाला, पण चाकं जागच्या जागी गरगरली नाहीत, त्यांनी पट्टी धरली. तीन हात. वळण. बारावा डबा वळणावर जरा हिंदकळला, त्यातली गोणी तिरपी झाली, पण पडली नाही. गाडी खिडकीपर्यंत गेली आणि तिथं हिरासिंगनं तार सोडवली.

हिरासिंग बापाकडं पाहत नव्हता. कबूल केलेलं मागायची त्याची रीत नव्हती.

रुपीबाईनं घुंगट ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं. "कोनी इचारा, भाकर टाकू काय?"

"भितीले सांगा," बाबा म्हणाले, "टाक म्हना."

तिनं एकच तवा चढवला. भाकर कुस्करून, दुधात मऊ करून वाटी हिरासिंगच्या हातात दिली. त्यानं बापाचं डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि पहिला घास तोंडात दिला. बाबांनी तो कितीतरी वेळ जिभेवर घोळवला. आम्ही तिघंही त्यांच्या गळ्याकडं पाहत होतो. घास उतरला.

"करपली," ते म्हणाले.

रुपीबाई चुलीपाशी बसल्या जागी हसायला लागली आणि हसता हसता ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली. "पाह्यलं, बाई? चौदा महिने दळून देल्लं, तवा कधी बोलले नाही. अन् आजच!"

चौथ्या दिवशी नाला उतरला आणि उत्तमसिंग धावतपळत ज्वारीचं पोतं घेऊन आला. काका जिवंत आहेत हे पाहून तो उंबऱ्यातच बसला. "मी दोन डाव पान्यात उतरलो काका, पन..."

"बरं झालं नाही आला," बाबा म्हणाले. "ते पोतं खाली कायले ठेवतं? असंच गिरणीवर ने."

"गिरणीवर?"

"बहिरा हायस काय? दळून आन, अन् घरच्या पिठात टाक."

उत्तमसिंगनं हिरासिंगकडं पाहिलं. हिरासिंग इंजिनाचं छत पुन्हा बसवत होता, मान खाली. त्यानं नुसती मान डोलावली.

रुपीबाईनं त्या दिवशी जातं हलवलं नाही, त्यावर फडकं टाकून ठेवलं. "म्हाताऱ्याचं काय सांगता येते, बाई," मला म्हणाली. पण म्हातारा बदलला नाही. पुढच्या होळीपर्यंत जगला, रोज दोन्ही वेळा लेकाच्या घरची भाकर खाल्ली, आणि रोज तिच्यात काही ना काही खोड काढली. कधी मीठ कमी, कधी पीठ जाडं. शेवटच्या आठवड्यात खोड काढायचं बंद झालं, तेव्हाच रुपीबाईनं तांड्यावर निरोप धाडला.